ओठांना द्यायची दहा मिनिटं

फोनमधून बर्फ चावल्याचा आवाज आला, आणि त्या रविवारपासून तो कापूसमावशींच्या कानातून काही केल्या जाईना. कर्र, कर्र. मग जरा थांबून पुन्हा कर्र.

"काय खातेस गं?" त्यांनी लेकीला, ठकीला, विचारलं होतं.

"बर्फ."

"सरबतातला?"

"नुसता. ट्रेमधला. आता बर्फावरही व्याख्यान देणार का तू?"

"कधीपासून खातेस?"

"अगं, महिना झाला असेल. बरं वाटतं. दुसरं काही खावंसंच वाटत नाही. ठेवते आता, जिना चढतेय, बोलताना धाप लागते."

फोन बंद झाला. शेजारी ठकीचे बाबा स्क्रू-ड्रायव्हरची टोकं पुसत बसले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि सुट्टीच्या दिवशी हत्यारं पुसल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"उकडत असेल तिला," ते म्हणाले.

"पंखा आहे की तिच्या खोलीत."

"मग काय पंखा चावू दे?"

"आणि धाप लागते म्हणाली."

"तीन मजले चढते. इमारतीला लिफ्ट नाही, हाच रोग आहे तिला." बाबांनी टोक उजेडात धरून पाहिलं. "अगं, तुला काळजीला विषय मिळाला नाही, तर विषय का मिळाला नाही याची काळजी करशील तू."

एरवी मावशी हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही. 'दुसरं काही खावंसंच वाटत नाही.' हे वाक्य त्यांनी याआधी ऐकलं होतं. अगदी हेच. पण बोलणारी बाई दुसरी होती, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

कापूसमावशी हे नाव त्यांना इस्पितळात मिळालं. ऑपरेशन थिएटरच्या अलीकडे एक लांबट खोली आहे. तिथे सकाळी सहापासून माणसं येतात, अंगावरचे कपडे उतरवून हिरवे गाऊन घालतात, आणि दागिने, चष्मे, दातांच्या कवळ्या पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. उरलेलं मावशींनी उतरवायचं. नखांचा रंग, गालांचा रंग, ओठांचा रंग. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या. याचं कारण त्या प्रत्येक बाईला सांगत, कारण प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारे.

"मावशी, ऑपरेशन पोटाचं आहे, ओठांचं कशाला पुसता?"

"ओठ म्हणजे माणसाची खिडकी असते, ताई. आत दिवा नीट जळतोय की नाही, ते भुलीचे डॉक्टर तिथून बघतात. खिडकीला रंग फासला, तर दिसणार काय?"

हल्लीच्या लिपस्टिकी सोळा-सोळा तास टिकतात. जेवण केलं, चहा प्यायला, रडून झालं, तरी जागच्या हलत नाहीत. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, "माझा नवरा इतका टिकला असता, तर बरं झालं असतं." मावशींच्या ट्रॉलीवर त्यासाठी सगळा सरंजाम असे: पातळ तेलाची बाटली, कापसाच्या चकत्या, कापूस गुंडाळलेल्या काड्या, कोमट पाण्यातलं गॉज, म्हणजे जाळीदार सुती कापड. चकती तेलात भिजवायची, मिटलेल्या ओठांवर ठेवायची, आणि हात न हलवता साठ आकडे मोजायचे. रंग आपणहून सुटतो. मग कोपऱ्याकडून मध्याकडे एकदाच हात फिरवायचा. चकतीची घडी बदलायची. त्याच जागी दुसऱ्यांदा घासायचं नाही. ओठांच्या भेगांत बसलेला रंग काडीने उचलायचा, ओढायचा नाही. शेवटी कोमट गॉजने तेल टिपून घ्यायचं. आणि मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही. खरा रंग वर यायला दहा मिनिटं लागतात.

ही दहा मिनिटं मावशींनी स्वतः ठरवली होती. कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. सुरुवातीला सिस्टर वैतागत. "मावशी, इथे ऑपरेशनं करायची आहेत. पार्लर नाही उघडलेलं आपण."

"हो सिस्टर. आठ झाली. दोन राहिली."

हळूहळू सगळ्यांना सवय झाली. मावशींचा हात हलका, मावशींच्या जिभेवर साखर, असं सगळे म्हणू लागले. तो हात हलका कसा झाला, हे कुणी विचारलं नाही. आणि मावशींनीही सांगितलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा हात जड होता. कामाला वाघ, असं त्यांचं नाव होतं. साबणाचं पाणी, कोरडं गॉज, आणि खसाखसा दोन मिनिटांत तोंड स्वच्छ. त्या सकाळी यादीत सात नावं होती आणि एक सिस्टर रजेवर. तिसऱ्या नंबरच्या बाई बँकेत खिडकीवर बसायच्या. गर्भाशय काढायचं होतं. अनेक महिने खूप अंगावर जात होतं. ओठांवर जांभळट लाल रंग होता, ताजा, रेखून लावलेला.

"अहो, आज कशाला लावलीत?"

"घाबरले की मी लिपस्टिक लावते," बाई म्हणाल्या. रात्रभर रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. "हसू नका. आणि मावशी, बर्फाचा एक खडा मिळेल का हो? महिनाभर दुसरं काही खावंसंच वाटत नाही."

"आता काही चालत नाही, बाई. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

रंग निघेना. मावशींनी गॉज बदललं, बोट दाबलं, पुन्हा घासलं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "ओढू नका हो. दुखतंय."

"झालंच, झालंच. पाच मिनिटांचं काम."

रंग गेला. खाली ओठ लालबुंद निघाले, लहान मुलाला थंडीतून आत आणल्यावर असतात तसे. भुलीचे डॉक्टर घाईतच आले. खालची पापणी ओढून पाहिली. ती लाल. ओठ पाहिले. तेही लाल. "रंग चांगला आहे," म्हणाले, आणि कागदावर तसं लिहिलं. रक्ताचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा होता, आणि तो ठीक होता.

बाईंना आत नेलं. बाहेर आणलं, पण त्या शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. अंगात रक्त फारच कमी होतं, असं नंतर मावशींच्या कानावर आलं.

चौकशी झाली. जुना रिपोर्ट कुणी चालवून घेतला, यावर मोठमोठी माणसं दोन दिवस बसली. भुलीचे डॉक्टर दुसरीकडे गेले. मावशींना कुणी बोलावलंच नाही. कापसाला कोण विचारतं?

पण पुढच्या आठवड्यात एका गोऱ्यापान मुलीचे ओठ घासून झाल्यावर आतला नंबर लांबला, आणि ती मुलगी तिथेच पडून राहिली. मावशी सहज तिच्याकडे पाहत होत्या. पाहता पाहता तिच्या ओठांवरची लाली उतरत गेली, पाणी जमिनीत जिरावं तशी, आणि खालून फिकट, खोडरबरासारखे ओठ वर आले. ती लाली त्या मुलीची नव्हतीच. मावशींच्या बोटांची होती. आणि त्या बाईंची? रडून लाल झालेले डोळे, घासून लाल झालेले ओठ. दिवा विझत आला होता, आणि खिडकीला रंग मावशींनी फासला होता.

त्या दिवसापासून त्यांनी गॉज कोरडं वापरलं नाही. लोकांना वाटे, मावशी मायाळू आहेत. मावशींना ठाऊक होतं, की हळू पुसणं म्हणजे माया नव्हे. घासलं की ओठ खोटं बोलतात, एवढंच.

आणि तेव्हापासून ती बाई जात नव्हती. दिसायची नाही कधी. नुसता आवाज. मावशी नव्या चेहऱ्यावर वाकल्या, तेलाची चकती ठेवली, आणि आकडे मोजायला लागल्या, की विसाच्या आसपास कुणीतरी अगदी जवळून म्हणे, "ओढू नका हो." मावशी तोंडातल्या तोंडात उत्तर देत, "नाही ओढत, बाई." सिस्टरना वाटे, देवाचं नाव घेताहेत. दुकानात, बसमध्ये, बँकेच्या खिडकीवर, कुठेही गेल्या तरी लोकांच्या डोळ्यांकडे न बघता त्या ओठांकडे बघत. एकदा भाजीवाली म्हणाली होती, "माझे दात मोजताय का, मावशी?"

घरी त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ठकीला तर नाहीच. ठकीपाशी त्यांचा आणखी एक अपराध पडून होता.

बाई गेल्यानंतरची गोष्ट. पंधरा वर्षांची ठकी शाळेच्या स्नेहसंमेलनातून नाचत घरी आली. ओठांवर जांभळट लाल रंग. मैत्रिणीच्या बहिणीची लिपस्टिक, खूप टिकणारी. मावशींनी दारातच तिला पाहिलं, आणि पुढचं त्यांना नीट आठवतही नाही. टॉवेल हातात होता. एका हाताने हनुवटी धरली, आणि दुसऱ्याने पुसत सुटल्या.

"आई, ओढू नकोस! दुखतंय!"

तेच शब्द. मावशींचा हात तिथेच थांबला. ठकीचा खालचा ओठ फुटला होता. बाबा धावत आले. "अगं, लिपस्टिक आहे, गंज नाही!" ठकी दोन दिवस बोलली नाही. पुढे सगळं सुरळीत झालं, पण त्यानंतर आईसमोर ती कधी ओठ पुसत नसे. न्हाणीघराचं दार लावून घेई.

आणि नशिबाची चेष्टा बघा, मोठी होऊन ती लागली कुठे, तर दुसऱ्या शहरात, एका मोठ्या दुकानाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर. सोळा तास टिकणारी लिपस्टिक विकायची, आणि दिवसभर ओठांवर वागवायची, कारण विकणारीचे ओठ हीच जाहिरात. फोनवर चेहरा दिसे, तो रंगवलेलाच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. "काढायला कंटाळा येतो गं," ती म्हणायची. "टिश्यूने घासते अधूनमधून. पार सोलपटलेत." दीड वर्षात मावशींनी आपल्या लेकीचे ओठ पाहिले नव्हते. हजारो परक्या बायकांचे पाहिले होते.

बर्फाच्या त्या रविवारनंतर दोन दिवस मावशींनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, ठकीची जेवणाची सुट्टी गाठून त्यांनी चेहरा दिसणारा फोन लावला. बाबाही खुर्ची ओढून शेजारी बसले.

"ठके, माझं एक ऐक. ती लिपस्टिक पूस जरा."

"काय?"

"पूस. मला ओठ बघायचेत तुझे."

"आई, मी ड्यूटीवर आहे. पुन्हा लावायला वीस मिनिटं जातील."

"तेल आहे का तिथे? कापसावर घे, ओठांवर ठेव, साठ आकडे मोज—"

"मला शिकवतेस?" ठकी खवळून हसली. "हेच तर दिवसभर गिऱ्हाइकांना सांगते मी. बाबा, सांगा ना हिला काहीतरी."

"अगं, दाखव एकदाचे," बाबा म्हणाले. "नाहीतर रात्रभर ती मला झोपू द्यायची नाही."

ठकीने चिडून टिश्यू ओढला. तेल नाही, काही नाही. कोरड्या टिश्यूने खसाखसा ओठ घासले, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. टिश्यू जांभळट लाल झाला. मावशी "हळू, अगं हळू" म्हणेपर्यंत तिने चेहरा फोनला चिकटवला होता.

"हे बघ! लालचुटुक! झालं समाधान?"

"वा!" बाबा खूश झाले. "डाळिंब आहे नुसतं. आता तरी मिटली ना तुझी काळजी?"

फोनच्या काचेत ओठ होते, लालबुंद, थंडीतून आत आणल्यासारखे. घासलेले. रंग चांगला आहे. कागदावर लिहून टाकावं इतका चांगला.

"ठके, दहा मिनिटं थांब," त्या म्हणाल्या. "फक्त दहा मिनिटं. फोन असाच धरून ठेव. काही बोलू नकोस."

"दहा मिनिटं? तू बरी आहेस ना? बाबा, हिला डॉक्टरकडे न्या. मी चालले." आणि जाता जाता, "सकाळी फोन करू नकोस हं, मी गडबडीत असते."

काच काळी झाली. त्यात मावशींना स्वतःचा चेहरा दिसला.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"लाल होते की गं ओठ."

"होते," मावशी म्हणाल्या.

त्यांना तेव्हा सगळं सांगता आलं असतं. शब्द जिभेपर्यंत आलेही. पण नऊ वर्षं गिळलेली गोष्ट एकदम कशी काढायची, हे त्यांना कळेना. आणि सांगून ठकीला काय वाटेल? माझ्या आईच्या हातून माणूस गेलं?

गुरुवारी पहाटे त्या नेहमीसारख्या कामावर आल्या. यादीत पाच नावं. दुसरी मुलगी ठकीच्याच वयाची होती, पित्ताशयातले खडे काढायला आलेली. ओठांवर तोच सोळा तासवाला रंग.

"काल एका लग्नाला गेले होते," ती ओशाळून म्हणाली. "काल रात्री खूप घासली हो. निघेचना."

"घासायची नसतेच ती. डोळे मिट. आपण तिला हाताने नाही काढायचं, तिचं तिला जाऊ द्यायचं."

चकती ठेवली. एक, दोन, तीन. आठ, नऊ. विसाच्या आसपास मावशींनी कान टवकारले. रोजचा आवाज आला नाही. त्याच्याऐवजी कर्र, कर्र असं काहीतरी ऐकू आलं. त्यांनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. खिडकीबाहेर कुणीतरी खडीवरून चालत गेलं असेल.

रंग सुटला. कोपऱ्याकडून मध्याकडे एकदा. घडी. काडी. कोमट गॉज. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात वाजून वीस मिनिटं.

तेवढ्यात भुलीच्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, दोन वर्षांपूर्वी लागलेल्या, आणि मावशींच्या दहा मिनिटांना मान देणाऱ्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "चालू झाली का तुमची दहा मिनिटं?"

"आत्ताच."

"मग मीही थांबते."

मावशींनी गॉजचा डबा उगाच पुसला. "डॉक्टर, एक विचारू? एखाद्या पोरीला सारखा बर्फच खावासा वाटला, तर?"

"नुसता बर्फ? चावून?"

"हो. आणि जिना चढताना धाप लागते."

डॉक्टर भिंतीपासून सरळ झाल्या. "अंगातलं लोह कमी झालं, की होतं असं कधीकधी. रक्त तपासायला हवं तिचं. साधी तपासणी आहे. वेळेत कळलं, तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं."

"आणि वेळेत नाही कळलं तर?"

"असं का विचारता? कोण आहे?"

"माझी मुलगी."

"मग मला काय विचारता, मावशी? तिला सांगा. आजच."

सांगा. मावशींना मनातल्या मनात ठकीचं उत्तरसुद्धा ऐकू आलं. 'आई, गेल्या महिन्यात माझे केस गळत होते म्हणून घाबरलीस, त्याआधी मी शिंकले म्हणून. किती वेळा लांडगा आला रे आला म्हणून ओरडलीस तू?' तिची काय चूक? नऊ वर्षं मावशी सगळ्या गोष्टींची काळजी बोलून दाखवत आल्या होत्या, फक्त एक सोडून. आणि ती एक सांगितल्याशिवाय बाकीच्या काळजीला वजन येणार नव्हतं.

खाटेवरची मुलगी डोळे मिटून पडली होती. तिच्या ओठांवर हळूहळू रंग भरत होता. फिका गुलाबी, मग जरा गडद, आतून आलेला, कुणी न लावलेला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. "छान आहे गं तुझा रंग."

"सिस्टर," मावशी म्हणाल्या, "हिची सहा मिनिटं राहिलीत. बघाल?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"फोन करायचाय."

सव्वीस वर्षांत मावशी कामातून फोनसाठी उठल्या नव्हत्या.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी चष्मा पुसला. साडेसात व्हायला आले होते. यावेळी ठकी नुकती उठलेली असणार, तोंडही न धुतलेली, ओठांवर काही न लावलेली. 'सकाळी फोन करू नकोस.' बरोबर आहे. पण याच वेळी करायचा. चेहरा दिसणारा नाही, साधाच; आज बघायचं नव्हतं, सांगायचं होतं. ओठ दाखव म्हणायचंच नाही. तिने फोन ठेवायच्या आत पहिलं वाक्य तिच्या कानात पडायला हवं, म्हणून मावशींनी ते बाकावर बसल्या बसल्या दोनदा म्हणून पाहिलं. आवाज कापला, पण शब्द जागचे हलले नाहीत.

'ठके, तू पंधरा वर्षांची होतीस, तेव्हा माझ्या हातून एका बाईच्या बाबतीत एक चूक झाली. तिलाही बर्फच खावासा वाटायचा.'

पुढचं पुढे. मावशींनी लेकीचं नाव दाबलं आणि फोन कानाला लावला.